माळवदावरचा दगड

उकंडरावाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती बाहेर काढायला बैलजोडी जुंपावी लागे. लढाईची महागाई सुरू झाली त्या साली त्याच्या डोक्यात बसलं, की स्वयंपाकघराच्या माळवदाला धूर जायला जे भोक ठेवतात त्यातून धुरासोबत आचही निघून जाते. झालं! कुरुंदा गावच्या त्या शहाण्यानं शिडी लावली, वर चढला आणि भोकावर दगड ठेवून मोकळा झाला. खाली उतरून हात झटकत बायकोला म्हणाला, आता निम्म्या गवऱ्यांत भाकरी होतील. भाकरी चतुराबाईला करायच्या होत्या. त्याला फक्त खायच्या होत्या.

बरं, घरात जळण नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. गोठ्यामागं सुकी बाभूळ छातीएवढी रचून ठेवलेली होती. पण ती हळदीची. शेतात हळद शिजवायला काहील चढली की तिला सारखी आच लागते. आच कमी पडली तर हळद आतून कच्ची राहते आणि हिंगोलीच्या बाजारात भाव पडतो. एवढं त्याला बराबर कळत होतं. हळदीला सुकी बाभूळ आणि बायकोला अर्धओल्या गवऱ्या, असा त्या घरचा कायदा. चतुराबाई तोंडावर काही म्हणत नसे. मनातून मात्र तिनं नवऱ्याला कधीच माणसांतून काढून टाकलं होतं.

त्या कोंडलेल्या धुरात वर्षामागून वर्षं बसून तिचे डोळे पाझरू लागले ते थांबेनात. खोकून खोकून बरगड्या धरल्या. मग उजव्या डोळ्यात फूल पडायला लागलं, सुईत दोरा ओवता येईना. डावाही गेला तर काय, हा विचार तिची पाठ सोडेना. आंधळेपणाची नव्हती एवढी तिला या माणसाची धास्ती होती. हा हात धरून चालवणार, आणि वर गावभर सांगत फिरणार की मी सांभाळतो म्हणून.

दवापाण्याला मात्र त्याचा हात सढळ. हिंगोलीहून हकीम आणायला तो बैलांची दमणी धाडायचा. आधी सुरमा झाला, मग काढे, मग लेप. उकंडराव बायकोला लई जपतो, असं पारावरची माणसं म्हणू लागली आणि याला ते गुळासारखं गोड लागलं. हकिमानं पहिल्याच खेपेला बजावलं होतं, बाईला धुरात बसवू नका. उकंडरावानं मान डोलावली आणि विचारलं, सुरमा सकाळी लावायचा का रातच्याला. निघताना हकिमानं पैशासोबत थोडी सुकी बाभूळ मागितली, त्याच्या बीबीला धूर सोसत नव्हता. यानं गाडी भरून दिली. चतुराबाई दारात उभी राहून ती गाडी जाताना बघत होती. तिला आधी हसू आलं, मग खोकला आला.

पुढं ऐन हळदीच्या दिवसांत हकिमानं तिच्या दोन्ही डोळ्यांवर लेप लावून पट्टी बांधली आणि मी येईपर्यंत सोडायची नाही म्हणून ताकीद दिली. इकडं काहील चढलेली. काहिलीवरच्या माणसांना मालकाच्या घरची भाकरी, हा गावचा रिवाज. भाकरी चुकली की माणसं दुसऱ्याच्या काहिलीवर जातात. उकंडराव शेजारच्या पार्वतीबाईकडं गेला. ती म्हणाली, देते की करून माझ्या चुलीवर, पण जळण तुमचं धाडा, अन् सुकं धाडा. हळदीची बाभूळ पार्वतीबाईच्या चुलीत? तो तोंड वाकडं करून परत आला. म्हणाला, भाकरीत काय एवढं हाय, मीच थापतो.

चतुराबाई पट्टी बांधून ओसरीवर बसली होती. आतून फुंकणीचा आवाज आला, मग खोकला, मग परात आदळली, मग नुसताच खोकला. पहिली भाकरी तव्यावरून उतरायच्या आत उकंडराव भेलकांडत अंगणात आला आणि भिंतीला धरून ओकला. जरा वेळानं शिडी लावल्याचा आवाज झाला. माळवदावर पावलं वाजली. दगड घासत बाजूला सरकला.

"काहून काढला?" तिनं विचारलं.

"जीव जाऊन राहिला होता माझा," तो वरूनच म्हणाला. "माणूस कसा बसंल तिथं?"

इतकी वर्षं तिथं कोण बसत होतं, हे त्याला विचारायलाही तिला किळस आली.

हकीम आला, पट्टी सुटली. डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसत होतं. धुरात बसणं सुटलं तसा खोकलाही उतरला होता. उजवा मात्र गेला तो गेलाच. उकंडराव पारावर जाऊन सांगत सुटला, हकिमाच्या हाताला गुण हाय, एक डोळा तरी वाचला, पैशाचं काय घेऊन बसलात. आपला सत्कार आपणच करून घरी आला आणि तिच्यापुढं मांडी घालून बसला. चुलीत फुंकताना त्याची एक भुवई जळाली होती.

"आता दिसतं ना बराबर?" त्यानं विचारलं.

चतुराबाईनं त्याला नीट न्याहाळलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुमाला बघायला एक डोळा लई झाला."

मग ती उठली, गोठ्यामागं गेली आणि हळदीच्या रचीतली जाड सुकी बाभूळ ओढत चुलीकडं घेऊन आली.