गरीब दिसण्याची तयारी

आपण गरीब नाही, याचं सोफावाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटत होतं.

लेकीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फीचा आकडा पाहून नवराबायकोने आळीपाळीने चष्मे पुसले, तरी आकडा काही बदलला नाही. कॉलेजचा मदतनिधी होता, पण त्याची तऱ्हा अशी की ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सगळं माफ, ज्याच्याकडे रग्गड आहे त्याला प्रश्नच नाही, आणि मधल्यांनी आपण जरा खालचेच आहोत हे पटवून द्यायचं. सोफावाले मधल्यांतले मधले. जुने सोफे नवे करून देण्याचा धंदा स्वतःचा, पण दुकानाची जागा भाड्याची. बायको दवाखान्यात हिशेब लिहायची. पगार वेळेवर, पण बेताचा. अर्जाला उत्तर आलं की मदतकक्षाच्या बाई शनिवारी घर पाहायला येतील. मदत नाही मिळाली तर लेक जवळच्याच कॉलेजात जे मिळेल ते शिकणार, हे ठरलेलं होतं. ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती आणि सोफावाल्यांना तेच जास्त लागत होतं.

"अहो, पण हा सोफा?" बायको म्हणाली.

बैठकीच्या खोलीत हिरव्या मखमलीचा, बटणं टाचलेला, ऐसपैस सोफा होता. सोफावाल्यांनी तो गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून जोडून जोडून बनवला होता. सांधे कुठे आहेत हे त्यांना सोडून कुणालाही सापडलं नसतं. दिसायला मात्र थेट मंत्र्याच्या बंगल्यातला.

"हा बघून फी माफ करतील होय? वर देणगी मागतील!"

सोफावाल्यांना हे पटलं. वरच्या मजल्यावरच्या मावशी सोफा ठेवून घ्यायला एका पायावर तयार झाल्या. आता भिंतीपाशी नुसती जमीन उरली, आणि अगदी जमिनीवर बसवलं तर बाईंना संशय येईल. तेव्हा सोफावाल्यांनी दुकानातला, त्या आठवड्यात दुरुस्तीला आलेला सगळ्यांत भिकार सोफा घरी आणला. कुणी एक गृहस्थ तो टेम्पोतून उतरवून गेले होते. कापड विटलेलं, डावीकडची स्प्रिंग वर आलेली, आणि सोफ्याच्या हातावर बॉलपेनने काढलेला एक ससा.

"बाबा, आपण खोटं बोलतोय," लेक म्हणाली.

"बोलतोय कुठे? नुसते बसणार आहोत."

बाई ठरल्या वेळी आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी, चपला दाराबाहेर काढताना भिंतीला हात टेकवणाऱ्या. सोफावाले त्या स्प्रिंगच्या काळजीत होते. नवखा माणूस हमखास तिच्यावर बसतो आणि टुणकन उठतो, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. "जरा सांभाळून" हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेसुद्धा होते.

पण बाई न बघताच वीतभर उजवीकडे सरकून टेकल्या. पाठीमागची उशी एका फटक्यात उलटी केली आणि निवांत रेलल्या.

इतक्या सराईतपणे सोफ्याची खोड चुकवतो तो फक्त त्याचा मालक. टेम्पोतले ते गृहस्थ कोणाचे यजमान होते, हे सोफावाल्यांना आत्ता कळलं.

बाईही सोफ्याच्या हातावरून बोटं फिरवता फिरवता थांबल्या.

"हा सोफा तुमचाच का?"

"हो, म्हणजे, जुना आहे. वडिलांच्या वेळचा." जीभ सुरू झाली होती, ती थांबेना.

"आणि हा ससा?"

"लेकीने काढला. लहानपणी."

लेकीने छताकडे पाहिलं.

"छान काढलाय," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने काढला तेव्हा मात्र मी त्याला चांगला धपाटा घातला होता."

बायको चहाच्या निमित्ताने आत सटकली.

"आमचे हे म्हणत होते, सोफा सोमवारी मिळेल," बाई म्हणाल्या.

"मिळेल की," सोफावाले सवयीने म्हणाले.

तेवढ्यात जिन्यातून मावशींचा खणखणीत आवाज आला. "अहो, तुमच्या मखमलीवर आमची मांजर झोपलीय! चालेल ना?"

सोफावाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. शेवटी त्या मोठ्याने हसल्या, डोळे पुसले, आणि एकदम दमल्यासारख्या दिसू लागल्या.

"या सोफ्याला अशी कळा का आली, सांगू? मुलाच्या फीपायी. आमचाही अर्ज होता. माझ्याच टेबलावर आला आणि माझ्याच हाताने नामंजूर केला. आम्हीही मधलेच हो. नियमाप्रमाणे आमचं बरं चाललंय." त्यांनी पेन उघडलं. "पण मला खोटं लिहिता येत नाही. तुम्ही दोघं कमावता, खाणारी तोंडं तीन. या हिशेबात तुम्ही रेषेच्या वरच आहात. दुसरा काही खर्च आहे का?"

"नाही," सोफावाले म्हणाले.

"बाबा!" लेक उसळली. "काकाचं सांगा ना!"

"त्याचं काय सांगायचं?"

"मग मी सांगते. काकाचे हात थरथरतात, काम सुटलंय. काका-काकूंचं भाडं, औषधं, सगळं आमच्याकडून जातं. दर महिन्याला. किती वर्षं झाली."

बाईंनी सोफावाल्यांकडे पाहिलं. "अर्जात हे कुठेच नाही."

"भाऊ आहे माझा," सोफावाले तडकले. "त्याने माझ्या हातात सुई देऊन धंदा शिकवला, तेव्हा मला खर्चात धरलं होतं का त्याने? आता मी त्याला खर्चात मांडू?"

मघापासून लोकांचा फाटका सोफा आपला म्हणून मिरवताना त्यांना लाज वाटली नव्हती. भावाचं नाव निघताच मात्र मान वर होईना. घरात जी खरी ओढाताण होती ती त्यांनी झाकून ठेवली होती, आणि नसलेली दुकानातून वाहून आणली होती.

"मांडावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "त्याशिवाय तुम्ही रेषेखाली येत नाही. माझा इलाज नाही."

लेक पुन्हा तशीच गप्प झाली. सोफावाल्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले.

जाताना बाईंनी दारात बजावलं, "आणि सोफ्याचे पूर्ण पैसे घ्या. एक जरी रुपया सोडलात, तर तोही मला लिहावा लागेल."

पुढच्या महिन्यात निकाल लागला. अर्धी फी माफ. उरलेली अर्धी कशीबशी जमणार होती. मधल्यांचं सगळं तसंच जमतं. लेक घरभर नाचली. सोफावाले मात्र पाय ओढत भावाकडे गेले. त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

भाऊ खिडकीपाशी बसला होता, थरथरणारे हात मांडीखाली दाबून. सोफावाल्यांनी चाचरत सगळं सांगितलं. तुझं नाव दिलं, काय काय लिहून घेतलं, सगळं.

"म्हणजे पोरीची अर्धी फी माझ्यामुळे माफ झाली?"

"तुझ्यामुळेच, दादा."

दादाने मांडीखालचे हात काढून समोर धरले. ते थरथरत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो ते लपवत नव्हता.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "मग त्या बाईला इकडेच आणायचीस की! मी आणखी जोरात हलवले असते. पूर्ण फी माफ झाली असती."