तिरप्या नंबरची स्क्रीन

"सर, 'पुढे' दाबलं की मागची स्क्रीन जाते कुठं?"

प्रश्न पायलनं काढला होता, पैज वैष्णवीनं लावली होती आणि तोंड मात्र दानेश्वरीचं. मधल्या सुट्टीत दोघींनी तिला घेरलं होतं. "विचारून दाखव. आख्खा वर्ग दात काढतोय का नाय बघ," पायल म्हणाली होती.

वर्गानं दात काढले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चहा प्यायला जाते." नववीतली दानेश्वरी असती तर मटकन खाली बसून दप्तरात तोंड खुपसलं असतं. पण दहावीत आल्यापासून पोरीचं पाणीच बदललं होतं. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "हसणाऱ्यांनी उत्तर सांगावं, मी बसते."

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या म्हेत्रे सरांनी खडू खाली ठेवला.

"दोन रीती आहेत," ते म्हणाले. "एक, मागची स्क्रीन मोडून टाकायची आणि पुढची नव्यानं बांधायची. दुसरी, सगळ्या स्क्रीन सुरुवातीलाच बांधून एकावर एक रचायच्या आणि हवी ती वर आणायची. चादरीच्या दुकानात चळत असते ना? आपल्याला वरची दिसते. खालच्या काय नाहीशा झालेल्या असतात?"

दानेश्वरीला एकदम उजेड पडला. दोन महिने तिला छळणारी गोष्ट हीच होती.

तिच्या अप्पांचं, म्हणजे वडील अमरेश यांचं, बाळीवेशीत चष्म्याचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिडिओ बघून बघून तिनं दुकानासाठी एक प्रोग्राम बनवला होता. पहिल्या स्क्रीनवर गिऱ्हाईकाचं नाव-गाव, दुसरीवर दोन्ही डोळ्यांचा साधा नंबर, तिसरीवर तिरपा नंबर. हा तिरपा सगळ्यांना नसतो; ज्यांच्या बुबुळाचा बाक सगळीकडं सारखा नसतो, त्यांनाच तो लागतो. चौथीवर फ्रेम, आणि शेवटी 'चिठ्ठी' हे बटण. ते दाबलं की दुकानाच्या मागच्या खोलीत, भिमाकाकांच्या टेबलाजवळ ठेवलेल्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर यायची. भिमाकाका त्या चिठ्ठीबरहुकूम काच घासून फ्रेमला बसवायचे. बावीस वर्षं ते हेच काम करत होते.

घोळ एकच होता. अप्पा नंबर भरता भरता नाव तपासायला मागं गेले की मागची स्क्रीन कोरी. मग हाक यायची, "दाने, ह्यानं परत गिळलं बघ."

सरांचं ऐकून आल्यावर तिनं दोन संध्याकाळी बसून सगळं उलगडलं आणि नव्यानं बांधलं. आता चारही स्क्रीन एकावर एक. वर बटणांची पट्टी, हवं ते दाबा, ती स्क्रीन समोर. मागं जा, पुढं जा, भरलेलं जागच्या जागी. अप्पांनी चार वेळा पुढं-मागं करून बघितलं आणि खुर्चीत मागं रेलले.

"आता तिरप्याची स्क्रीन मला मधे मधे येणार नाही ना?"

"नाही. ज्याला तिरपा नाही, त्याच्यासाठी थेट फ्रेमवर उडी मारा."

"ह्याला म्हणतात डोकं," अप्पा आतल्या खोलीकडं बघून म्हणाले. "ऐकलं का भिमा?"

"ऐकलं की," भिमाकाका आतून म्हणाले. "पोरगी मालकाच्या वरताण हाय."

अप्पांना भारी कौतुक. शहरातल्या चष्मेवाल्यांची दर दोन महिन्यांनी बैठक व्हायची. पुढच्या रविवारच्या बैठकीत दानेश्वरीनं प्रोग्राम करून दाखवायचा, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, त्या दिवशी घालायला तिचा मोरपंखी ड्रेस इस्त्रीला दिला. पायल आणि वैष्णवीनं आपण टाळ्या वाजवायला येणार म्हणून जाहीर केलं. "पयली टाळी माझी, प्रश्न माझा होता," पायल म्हणाली.

तो नवा प्रोग्राम लागून बारावा दिवस. शनिवार होता, शाळा सकाळची. दानेश्वरी दुपारी दुकानात आली तर बाकड्यावर मंद्रूपच्या काशम्मा बसलेल्या. सत्तरीच्या. पदराच्या टोकात गुंडाळलेला चष्मा त्यांनी काचेच्या काउंटरवर ठेवला.

"मालक, डोस्कं गरगर फिरतंय बघा," त्या म्हणाल्या. "भुई खालीवर हुती. मला वाटलं नवा हाय, सवय लागंल. रोज घातला की. काल बशीच्या पायरीवर पाय चुकला, पोरानं धरलं म्हनून बरं. माझंच डोळं आता कामातनं गेलं वाटतं."

अप्पांनी चष्मा उचलून काचा नंबर मोजायच्या मशिनीत धरल्या. त्यांचा चेहरा उतरला. "ह्याच्यात तिरपा नंबर कुणी घातला?"

जुन्या सवयीनं अप्पा अजून हातानं एक वही लिहीत. त्यांनी पान काढलं. काशम्मा, मंद्रूप. साधा नंबर लिहिलेला, तिरप्याच्या जागी आडवी रेघ. म्हणजे नाही.

"भिमा, बाहेर ये."

भिमाकाका हात पुसत दारात आले.

"बावीस वर्षं झाली. अजून नंबर वाचता येत नाही होय रे? म्हातारं माणूस पडलं असतं म्हणजे?"

भिमाकाकांनी चष्मा बघितला, वही बघितली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग काशम्मांकडं बघून मिटलं. चिठ्ठ्या काम झालं की ते फेकून देत. दाखवायला हातात काही नव्हतं. "नवीन काच घासून देतो, आज्जे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. तासाभरात चष्मा तयार झाला. काशम्मांनी तो लावून दारातल्या पायरीवरून दोनदा चढून-उतरून बघितलं आणि हसल्या. भिमाकाकांनी टेबलावरचं आपलं फडकं घडी करून ठेवलं, डबा उचलला. "मालक, सोमवारपास्नं मी येत न्हाय," म्हणाले आणि गेले. अप्पांनी त्यांना थांबवलं नाही.

दोन वाजले, शटर अर्धं खाली आलं. अप्पा जेवायला घरी निघाले. "मी आलेच," म्हणून दानेश्वरी मागं राहिली.

तिच्या डोक्यात एक गोष्ट केव्हाची टोचत होती. आठवड्यापूर्वी भिमाकाका हातात चिठ्ठी घेऊन बाहेर आले होते. "मालक, ह्या मंद्रूपच्या बाईला तिरपा नंबर हाय व्हय?" अप्पा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेले. "चिठ्ठीवर हाय ते घाल," म्हणाले होते. आणि काउंटरवर बसून पाय हलवणारी दानेश्वरी वरून म्हणाली होती, "काका, माणूस चुकतो, कॉम्प्युटर नाही चुकत." भिमाकाका हसून आत गेले होते.

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. एक खोटं गिऱ्हाईक भरलं, त्याला तिरपा नंबर दिला, चिठ्ठी काढली. मग 'नवीन गिऱ्हाईक' दाबलं. नाव-गावाची स्क्रीन समोर आली, स्वच्छ कोरी. दुसरं खोटं नाव घातलं, साधा नंबर घातला आणि अप्पा मारतात तशी थेट फ्रेमवर उडी मारली. चिठ्ठी.

आतल्या खोलीत प्रिंटर कुरकुरला. ती उठून गेली. दुसऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर पहिल्या माणसाचा तिरपा नंबर छापून आला होता.

ती भिमाकाकांच्या स्टुलावर बसून राहिली. तिला कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. 'नवीन गिऱ्हाईक' या बटणाला तिनं नावाची, साध्या नंबरची आणि फ्रेमची स्क्रीन पुसायला सांगितलं होतं. तिरप्याची राहिली. जुन्या प्रोग्राममध्ये हा प्रश्नच नव्हता, प्रत्येक स्क्रीन मोडून नवी बांधली जायची. वहीत अप्पा रेघ ओढत, तेव्हा ते एकदा तरी त्या जागेकडं बघत. स्क्रीनवर तिनंच त्यांना न बघता पुढं जायची सोय करून दिली होती.

तिनं जुन्या नोंदी काढल्या. काशम्मांच्या लगेच आधी कुणी अमृत नावाचा माणूस होता, त्याचा आणि काशम्मांचा तिरपा नंबर तंतोतंत एक. मग तिनं वही उघडली आणि बारा दिवसांची एकेक ओळ लावून बघितली. आणखी तिघं निघाले. करमाळ्याहून आलेला एक ड्रायव्हर होता. ड्रायव्हर या शब्दावर तिचं बोट थांबलं.

हे तिच्याशिवाय कुणालाही सापडणार नव्हतं. अप्पा वहीवर विश्वास ठेवत होते, आणि त्याहून जास्त पोरीवर. एक ओळ वाढवली की प्रोग्राम बरोबर चालणार होता. रविवारी सगळे टाळ्या वाजवणार होते. चूक भिमाकाकांच्या नावावर राहिली असती. तिनं ती ओळ लिहिलीसुद्धा, तपासून बघितली, चालली. बरं मात्र जराही वाटलं नाही. काशम्मा स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होत्या, भिमाकाका काही बोलले नव्हते, आणि दोघांच्याही मधे आपली एक न दिसणारी स्क्रीन बसली होती, हे तिला राहून राहून आठवत होतं.

घरी पोचली तर अप्पा भाकरी मोडून तसेच बसलेले, ताटातली शेंगाचटणी तशीच. अव्वा म्हणत होती, "बोलून बसलात, आता जेवा तरी."

"चुकलं त्याचं, मी काय करू?" अप्पा म्हणाले. "पण बावीस वर्षं... जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं."

दानेश्वरीनं दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या.

"अप्पा, ही दोन माणसं मी आत्ता खोटी भरली. दुसऱ्याला मी तिरपा नंबर दिलाच नव्हता."

अप्पांनी एक चिठ्ठी उचलली, मग दुसरी. दोन्ही शेजारी धरून त्यांनी डोळे बारीक केले. अव्वा परातीवरचा हात थांबवून बघत राहिली.

"म्हणजे भिमानं..."

"भिमाकाकांनी चिठ्ठीवर होतं ते केलं. त्याआधी तुम्हाला विचारलं पण होतं. तुम्ही घाल म्हणालात, आणि कॉम्प्युटर चुकत नाही असं मी म्हणाले. चूक माझ्या प्रोग्रामची आहे. आणखी तिघांच्या चष्म्यात ती गेलीय, एक ड्रायव्हर आहे."

"आता नीट होईल ना पण?" अव्वानं हळूच विचारलं. "उद्याच्या बैठकीत उगं कशाला..."

"नीट केलं मी, अव्वा. पण ते चष्मे नीट झाले नाहीत."

अप्पांनी दोन्ही चिठ्ठ्या ताटाशेजारी परत ठेवल्या. त्यांच्या कपाळावरची शीर तेवढी दिसत होती. तरी दानेश्वरीचा आवाज फुटला तो वर्गात फुटला होता तसाच खणखणीत.

"मी ठरवलंय. त्या ड्रायव्हरला आत्ता फोन लावते, चष्मा काढून ठेवा म्हणून, आणि बाकीच्या दोघांना पण. मग आपण दोघं भिमाकाकांच्या घरी जायचं. तुम्हाला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, माझं मी सांगणार. उद्या बैठकीत मी प्रोग्राम दाखवणार नाही. तुम्ही चल म्हणालात तर येईन, आणि चष्मे कसे चुकले तेवढं उभं राहून सांगेन. आणि चिठ्ठी छापायच्या आधी सगळ्या स्क्रीनवरचं एका जागी दिसेल अशी सोय मी करणार; भिमाकाका ते वाचून हो म्हणत नाहीत तोवर तो प्रोग्राम दुकानात लागणार नाही. तोवर तुमची वही."