मोज्यांतले पाय

मॅडम दमल्या होत्या, आणि तेही एका दिवसाच्या कामानं नव्हे. घराण्यात उतरणाऱ्या नसांच्या दुखण्यांवर संशोधन करण्यात जन्म गेला, आणि आता संचालकांना हवा होता एक तक्ता: तुमच्या कुठल्या निबंधाचा आधार किती जणांनी घेतला? शुक्रवारपर्यंत भरून द्या, तर प्रयोगशाळेला आणखी दोन वर्षं मिळतील. घ्या! कोण बरं झालं हे कुणी विचारत नाही, आपलं नाव किती तळटीपांत आलं ते मोजत बसायचं.

सगळी भिस्त एकाच निबंधावर होती. त्याला सहाशे बारा संदर्भ, बाकीच्यांना मिळून नव्वदही नाहीत. वीस वर्षांपूर्वी एका घरातली अकरा माणसं तपासून मॅडमनी तो लिहिला होता. त्या घराच्या रक्तात दोन दोष होते. दोन्ही असलेल्यांचे पाय लुळे पडलेले. थोरल्या मुलीत मात्र एकच दोष आणि ती धडधाकट. म्हणून मॅडमनी लिहिलं, हा दोष एकटा असला तर निरुपद्रवी. वंशावळीच्या चित्रात आजाऱ्यांच्या खुणा काळ्या भरलेल्या, तिचं वर्तुळ रिकामं. मग काय, एका मेंढरामागं सगळा कळप.

गुरुवारी दुपारी, तक्ता अर्धा भरून झालेला असताना, तीच थोरली दारात उभी राहिली. आता चाळिशी ओलांडलेली, शिवणकाम करणारी बाई. मॅडमनी काही ओळखलं नाही. तिनंच आठवण दिली, तुम्ही आमच्या घरी आला होतात, आईनं चहा केला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नव्हती. बसल्याबसल्या पिशवीतून कागद काढला. तिची सतरा वर्षांची मुलगी चालताना पडते, डॉक्टर म्हणतात मणक्यात नस दबलीय, सोमवारी ऑपरेशन ठरलंय. रक्तात तो एक दोष सापडलाय, पण रिपोर्टात खाली लिहिलंय, निरुपद्रवी. सासूबाई मात्र रोज ऐकवतात, हे सुनेच्याच माहेरचं. तेव्हा मुलीला आईकडून काही आलेलं नाही, एवढं मॅडमनी लिहून सही करून द्यावं.

मॅडमनी रिपोर्टाची तळटीप वाचली. त्यांचाच निबंध. हा संदर्भ सहाशे बारात धरलेला नव्हता.

पण त्यांचं लक्ष कागदात नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत बाई गुडघे उंच उचलत, पाऊल आपटत आली होती, सपाट फरशीवर पायऱ्या चढल्यासारखी. पायांत मोजे, वर पट्टा शिवून घेतलेली चप्पल.

"पाय असे कधीपासून?"

बाईनं पाय खुर्चीखाली ओढले. "तेव्हापासूनच. माझं लग्न ठरत होतं ना. आईनं मला मोजे घालून मशीनवर बसवलं आणि तुम्हाला सांगितलं, ही ठणठणीत आहे."

मॅडमना सगळं लख्ख आठवलं. अकरावी तपासणी, कंबर मोडलेली, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मोजे काढायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी चहा घेतला आणि लिहून टाकलं, निरोगी.

आता हे कुणाला सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शुक्रवार उद्यावर आलेला. गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण सोमवारी एका पोरीची पाठ नाहक फाडली जाणार होती.

मॅडम खाली बसल्या, बाईचे मोजे स्वतः काढले. बोटं आत वळलेली, पोटऱ्या वाळलेल्या. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले, संवेदना तपासायचा कंपनाचा काटा वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारलं, काय जाणवतंय?

"आधी लावा तर," बाई म्हणाली, "मग सांगते."

मॅडमनी तिथूनच ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन लावला. ते समजावू लागले, अहो, दोष निरुपद्रवी आहे, सहाशे जणांनी मानलंय.

"त्यांनी माझं ऐकलं," मॅडम म्हणाल्या. "आणि मी हिच्या आईचं. चूक माझी. ऑपरेशन थांबवा, मी लेखी देते."

बाई मोजे मांडीवर घेऊन बसली होती. तिला कळायचं ते कळलं होतं. सासूबाईंचं खरं ठरलं.

"तेव्हा काढ म्हणाला असतात ना," ती हळूच म्हणाली, "तर मी काढले असते हो मोजे. मला कुणाला तरी सांगायचंच होतं."

मॅडमनी तक्ता बाजूला सारला आणि मुलीला उद्या सकाळीच घेऊन यायला सांगितलं.