ज्याचा हात, त्याचा खड्डा

नवा महापौर निवडून आला तो एकाच घोषणेवर: भुयारी रेल्वे बंद. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने काम थांबवलं. कंपनी म्हणाली, करार तुम्ही मोडलात. महापालिका म्हणाली, काम अर्धवट टाकून तुम्हीच पळालात. प्रकरण कोर्टात गेलं आणि दोन वर्षं भिजत घोंगडं तसंच पडलं.

स्टेशनासाठी खणलेल्या चार मजली खड्ड्याला मात्र कुणी वाली उरला नाही. दोन्हीकडच्या वकिलांनी आपापल्या माणसांना बजावलं होतं, की तिथल्या कशालाही जो हात लावेल, त्याने खड्ड्याचा ताबा घेतला असं कोर्ट धरेल. म्हणून फाटकाला साधं कुलूपही नव्हतं. कुलूप लावलं की खड्डा गळ्यात. शिकल्यासवरलेल्यांची भांडणं ही अशी असतात.

कंपनीचा साइट इंजिनियर रोज येऊन फाटकापाशी खुर्ची टाकायचा आणि खड्ड्याकडे बघत बसायचा. त्याला पगारच त्याचा मिळत होता. पंप बंद, पाणी चढत चाललेलं. तीन बाजूंना काँक्रीटची भिंत झाली होती, चौथी बाजू कच्ची होती. पाणी साचलं की तिथली माती सुटणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. नेमकं त्याच बाजूला, कुंपणाला लागून, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. खाली शिवणकामाचं दुकान, वर संसार. होतं नव्हतं ते सगळं घालून तिने ते घेतलं, आणि तेही याच्याच सांगण्यावरून. स्टेशन दारात येतंय ताई, डोळे झाकून घे, असं हाच दीडशहाणा म्हणाला होता.

दुकानाच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली तेव्हा ताई महापालिकेत गेली. त्यांनी कंपनीकडे पाठवलं, कंपनीने महापालिकेकडे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. शेवटी ती भावासमोर येऊन उभी राहिली. त्याने वकिलाचं म्हणणं तिला अगदी शांतपणे समजावून सांगितलं, आणि त्या शांतपणानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंप चालू कर. बाकी मला काही ऐकायचं नाही."

"माझी नोकरी जाईल, ताई."

ती तशीच वळली. उघड्या फाटकातून आत गेली, तिने खटका दाबला आणि पंप धडधडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही वकील हजर. समोरच्याने ताबा घेतला असं वाटून दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. दोघांनीही कानांवर हात ठेवले, तेव्हा त्यांनी इंजिनियरला विचारलं. ताई गळ्यात टेप अडकवून दुकानाच्या दारातच उभी होती.

"कुणीतरी बाहेरची बाई होती," तो म्हणाला. "मी ओळखत नाही."

मग बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार करायची, यावर दोघांचं चुटकीसरशी जमलं. दोन वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

ताई फाटकातून आत आली. कुणाकडेही न बघता तिने पंप बंद केला.

"परक्याच्या वस्तूला हात लावला, चुकलं माझं," ती भावाला म्हणाली आणि परत जाऊन भेगेच्या भिंतीला पाठ लावून मशीनवर बसली.

पंप थांबल्यामुळे तिच्या मशीनचा आवाज आता फाटकापर्यंत येत होता. कच्च्या बाजूचं एक मोठं ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं. मशीन थांबलं नाही.

इंजिनियर उठला. त्याला स्वतःची शरम वाटत होती आणि भीतीही वाटत होती. तो आत गेला आणि त्याने खटक्यावर हात ठेवला. दोन्ही वकिलांचे मोबाइल लगेच वर झाले.

"नीट काढा फोटो," तो म्हणाला. "कालही मीच चालू केला होता. आणि ती माझी सख्खी बहीण आहे."

त्याच्या कंपनीच्या वकिलाने मोबाइल खाली घेतला. दुसरा हसत हसत फोटो काढत राहिला. पंप सुरू झाला तेव्हा इंजिनियरने दुकानाकडे पाहिलं. ताई उठली आणि तिने दार आतून लावून घेतलं.