डॅडच्या पिकअपला हिच

डॅड दुकानात आले तेव्हा ट्रेलर घेऊन झाला होता. विकणाऱ्यानंच तो घरासमोर आणून सोडला होता. मोबाइलवर फोटो दाखवला.

"गॅरेट, याला चांगलासा हिच बघ. हयगय नको, आम्ही आता यातच राहणार."

मी डॅलहार्टला हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा, बसवायचं काम करतो. कुठं शिकलो नाही, बघून बघून जमलं. ट्रेलर फिफ्थ-व्हील होता. म्हणजे तो गाडीच्या मागे बांधत नाहीत, त्याचं नाक पिकअपच्या हौद्यात येऊन बसतं. नाकाखाली जाड पिन, हौद्यात हिच, हिचच्या जबड्यात पिन. पुढचं सगळं ओझं पिकअपच्या पाठीवर.

आणि ओझं म्हणजे आख्खं घर होतं. राहतं घर त्यांनी विकलं होतं. कोलोरॅडोत एका कॅम्पग्राउंडवर दोघांना काम मिळालेलं. सोमवारी निघायचं.

मी डॅडच्या पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. चौकटीवर स्टिकर असतो, गाडी किती पेलते त्याचा. वाचला. परत वाचला.

"सर, ही नाही पेलणार." लहानपणापासून मी डॅडना सरच म्हणतो.

"एवढे दणकट हिच ठेवलेत तुम्ही इथं."

"हिच पेलेल. पिकअप नाही पेलणार. नाकाचं ओझं, हिचचं वजन, तुम्ही... मॉमच्या वजनाला जागाच उरत नाही."

"मग तिला सांगू का, बसने ये म्हणून?"

डॅड हसले. मी नाही हसलो.

"मोठी पिकअप का नाही घेतली?"

"मोठीत बसवली होती तिला. चक्कर मारून आलो. उतरली तेव्हा डोळ्यांत पाणी."

मॉमच्या पाठीची दोन ऑपरेशनं झालीत. मोठ्या पिकअपचे पाटे कडक, प्रत्येक खड्डा कमरेत जातो. या पिकअपची सीट मऊ, गरम पण होते. डॅडनी खरं तर ती सीट घेतली होती. पिकअप तिच्याखाली होती म्हणून आली.

"तुला नसेल जमत तर राहू दे," डॅड म्हणाले. "शेजारचा क्लीटस त्याचा जुना देतोय. आम्ही दोघं बसवू."

क्लीटसचा हिच मला माहीत आहे. जबडा झिजलेला. आणि एकाच जागी पक्का, सरकत नाही. डॅडच्या पिकअपचा हौदा आखूड. जोरात वळलं की ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत घुसतो. त्या काचेपुढे मॉमचं डोकं.

मग मी निवडला. सरकता हिच, वळताना ट्रेलर मागे सरकवणारा. सगळ्यात हलका शोधला. सगळंच चुकीचं, त्यातल्या त्यात हे बरं.

"आणि मागच्या पाट्यांवर त्या हवेच्या पिशव्या पण टाक," डॅड म्हणाले. "मागून बसायला नको."

"त्यानं ताकद नाही वाढत, सर. गाडी नुसती सरळ दिसते."

"दिसू दे की सरळ."

टाकल्या.

शनिवारी मॉमला एकटीला गाठून सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मी नको म्हटलं तर आमचं जाणं माझ्या पाठीमुळे राहिलं असं होईल. तो बोलणार नाही कधी. पण मला ऐकू येईल ना."

मी ढिगातला एक शर्ट घेतला आणि घडी घालायला लागलो.

सोमवारी डॅडनी सगळं क्रमानं केलं. हळू मागे घेतली. जबडा बंद झाल्यावर खाली वाकून टॉर्च मारून बघितलं. मग ट्रेलरचे पाय जमिनीवरच ठेवून गाडीला हलका हिसका दिला, पिन खरंच धरलीय का बघायला. हे कितीतरी लोक करत नाहीत. इतका सावध माणूस. आणि एक स्टिकर वाचेना.

पिकअप एकदम सरळ उभी होती. मला तेच बघवेना. पिशव्या नसत्या तर मागून बसली असती, नाक वर गेलं असतं. पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणालं असतं, काका, फार भरलंय. डॅड परक्याचं ऐकतात. आता कोण म्हणणार?

"बघ," डॅडनी बोनेटवर थाप मारली. "कुठंय तुझं ओझं?"

मॉम उशी घेऊन आली. हौद्यात डोकावली.

"ही बारीक तार कसली रे?"

"ट्रेलर सुटला तर ही खेचली जाते. मग त्याचे ब्रेक आपोआप लागतात."

"मग मी हिच्याकडे बघत राहीन."

"मागे वळून बसू नकोस मॉम, पाठ धरेल."

"हिच चांगला बसवलायस ना?"

"हिच चांगला बसवलाय."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग चढली.

कोपऱ्यावर डॅडनी इंडिकेटर दिला, मोठं वळण घेतलं. हिच सरकला. ट्रेलर काचेपासून हातभर लांब राहिला. गेले.

दुपारी वाटेतल्या क्लेटनहून मॉमचा मेसेज आला. इथवर मस्त. पाठ अजिबात दुखत नाही. तुझे डॅड गातायत.

रॅटनचा घाट अजून पुढे होता. मी लिहिलं, उतारावर गिअर खाली ठेवायला सांग, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका म्हणावं, तापून धरेनासे होतात. थांबत थांबत जा.

तिकडे मध्ये रेंज नसते. मी दुसऱ्या गाडीखाली शिरलो, बाहेर आलो, हात पुसून फोन बघितला. मेसेज अजून पोचला नव्हता.