शंभर मायक्रोफॅरड

"साहेब, तुमी खोटं लिहून राहिलात."

डोंगरकड्याच्या शिवारात, केळीच्या बागेतल्या मोटरच्या पेटीपुढं वीजखात्याचा साहेब पंचनामा लिहीत होता. 'मयत रुख्मिणीबाईचा निष्काळजीपणा' इथवर लिहून झालं होतं. टोकणारा भावसिंग तांड्यावरचा मोटर मेकॅनिक. जळक्या मोटरी उकलून उकलूनच शिकलेला.

साहेबानं मानही वर केली नाही. "लाईट गेली म्हणून कोळिष्टकं झाडायला बाईनं पेटीत हात घातला. मग लाईट नसताना शॉक काय देवानं दिला?"

रुख्मिणीबाईचा नवरा गोपीचंद बांधावर खाली मान घालून ऐकत होता. भावसिंग गप्प बसला असता तर आयताच सुटत होता. तेच त्याला गिळवेना.

बागेला तीनपैकी दोनच फेज येत होत्या. दोन फेजवर मोटर उचलत नाही, तिला कंडेन्सरचा धक्का द्यावा लागतो. अख्खं शिवार तेच करतं. कंडेन्सरात किती वीज मावते ते फॅरडमध्ये मोजतात; भावसिंगनं शंभर मायक्रोफॅरडचा बसवला. मोटर उचलली की तो बाजूला तुटतो, पण लाईट गेली तरी पोटातली वीज धरून बसतो. ती जिरवायला त्याच्यावर रेझिस्टर लावतात. कंडेन्सर बसवला त्या दिवशी तो भावसिंगजवळ नव्हता. उद्या लावू म्हणाला, अन् लावला नाही.

"भावसिंग, हे डबडं म्हशीवानी लाथ तर न्हाई मारणार?" रुख्मिणीबाईनं विचारलं होतं.

"काकी, फॅरडचा दहा हजारावा हिस्सा हाय हा! डासाची लाथ!"

दोघंही हसले होते. अख्खा फॅरड कामाला लागतोच कुठं? पंख्याला अडीच मायक्रोफॅरड पुरतो, रेडिओत तर त्याहून कितीतरी बारीक. त्यांच्यापुढं शंभर म्हणजे हत्ती. हे त्याला पाठ होतं. तरी त्यानं फॅरडशी मोजलं, कारण तसं मोजलं की उद्यावर ढकलता येत होतं.

"काका," तो गोपीचंदला म्हणाला, "काकीची चूक न्हाई. कंडेन्सर भरलेला व्हता. रेझिस्टर म्या लावला न्हाई. काकीला म्या मारलं."

गोपीचंदनं वर पाहिलं. त्यानं हात उगारला असता तर भावसिंगला सोसलं असतं.

साहेबानं कागद पालटला. "चला, मिटलं. तुझंच नाव टाकतो."

"टाका. बराबर टाका, खाली सही करतो. पण आठ महिने झाले तिसरी फेज बंद हाय, अर्ज तुमच्याच टेबलावर पडलेत. रेझिस्टर काहून लावला न्हाई, ते म्या सांगितलं. तिसरी फेज काहून दिली न्हाई, ते तुमी सांगा. माझ्याकडं नका पाहू, काकाकडं पाहून सांगा. काहून दिली न्हाई?"