डावीकडचे व्हायोलिन

"पडदा का ओढलात?" तपासनिसांनी विचारले.

"सेटच्या पट्टीवर ऊन येत होतं, काका. अक्षरं दिसत नव्हती," दुकानातली मुलगी म्हणाली. ती जमिनीवर गुडघे टेकून नव्या रिसीव्हर सेटच्या मागे स्पीकरच्या तारा जोडत होती.

"असं," म्हणत तपासनिसांनी पडदा होता तिथे परत नेला. लोकांना आपल्या कामावर उजेड का नको असतो, हे त्यांना नोकरीत पुरेपूर कळले होते.

नोकरी लिफ्ट तपासण्याची. दुसऱ्यांच्या इमारतींत जाऊन तिथल्या लिफ्टवर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, असा त्यांचा उभा जन्म गेला. इमारतीचा मालक म्हणे, "कालच ग्रीस लावलंय, साहेब." तपासनीस म्हणत, "म्हणजे परवापर्यंत लावलं नव्हतं." गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ते डोळे मिटून उभे राहत आणि बेअरिंग कुरकुरते आहे की दोर घासतो आहे, हे झाकण न उघडता सांगत. निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटल्या, संशय तेवढा त्यांच्याबरोबर घरी आला. बायको जेवताना नेहमीची समोरची खुर्ची सोडून एकाएकी त्यांच्या उजव्या हाताला बसू लागली, तेव्हा कुठेतरी पाणी मुरते आहे, हे त्यांनी लगेच ताडले. विचारले तर म्हणाली, "इथं बरं वाटतं." हे काही उत्तर झाले नाही. शिवाय अलीकडे ती फोनवर मुलाशी कुजबुजत बोलते, असाही त्यांचा वहीम होता.

हॉलमधले ते दोन उंच लाकडी स्पीकर त्यांनी तरुणपणी हौसेने घेतले होते. दोघांच्या बरोबर मध्यावर, भिंतीपासून मोजूनमापून, एक हातांची खुर्ची होती. तिच्यात ते सोडून कोणी बसत नसे. पाहुणा चुकून बसलाच, तर ते त्याला काही बोलत नसत, नुसते समोर उभे राहत. जुना अँप्लिफायर एके दिवशी धूर काढून बसला आणि दुरुस्तीवाल्याने हात वर केले. तेव्हा नवा रिसीव्हर घेण्यासाठी ते दुकानात गेले आणि या मुलीशी गाठ पडली.

मुलगी विकायचे सोडून प्रश्नच विचारत होती. स्पीकर किती ओमचे आहेत? खोली केवढी आहे? किती लांब बसून ऐकता?

"माझ्या खोलीशी तुम्हाला काय करायचंय?"

"खोलीवर बरंच अवलंबून असतं, काका. आणि स्पीकरवर. तुमचे चार ओमचे निघाले तर ते करंट जास्त ओढतात. सगळेच सेट ते पेलत नाहीत, तापून बंद पडतात. खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बघू नका. चार ओमवर सेट किती देतो, ते बघायचं."

घरी येऊन त्यांनी स्पीकरच्या पाठीवर पाहिले. चार ओमच होते. बघितल्याशिवाय तिला कसे कळले, या विचाराने त्यांना दुपारची झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक साधा, दोन स्पीकरपुरता सेट दाखवला आणि म्हणाली, "दोनच स्पीकर आहेत, तर सात स्पीकरचा सेट घेऊन काय करणार?" महागातले सोडून स्वस्तातले घ्या म्हणणारा विक्रेता तपासनिसांनी आयुष्यात पाहिला नव्हता. जुना माल गळ्यात मारते आहे, दुसरे काय. त्यांनी हट्टाने सगळ्यात मोठा सेट उचलला.

घरी लावला, तर डावी बाजू मेलेली. त्यांच्या नेहमीच्या तबकडीत डावीकडे व्हायोलिन आणि उजवीकडे पियानो होता. पियानो समोर बसल्यासारखा वाजे. व्हायोलिन मात्र शेजारच्या घरातून, दार लावून घेतल्यासारखे येई. सेट परत गेला. दुसरा आला, तर त्याचीही तीच गत. तो परत करताना दुकानदार मुलीच्या देखतच म्हणाला, "साहेब, आता तिसरा घ्या, हिनं सांगितलेला. तोही परत आला, तर सेटबरोबर हिलाही घरी पाठवतो. दोन-दोन चांगले सेट फोडलेल्या खोक्यांत येऊन पडलेत माझ्याकडे, नवे म्हणून विकताही येत नाहीत." मुलीने मान खाली घातली. तपासनिसांना तेव्हा काही वाटले नाही. कामात कसूर केली की शिक्षा होते, तेही आयुष्यभर ती देत आले होते.

म्हणून आज तिसरा सेट घेऊन मुलगी स्वतः आली होती. तिची नोकरी आज या खोलीत ठरणार होती आणि ते तिला, तपासनिसांना आणि त्यांच्या बायकोलाही ठाऊक होते.

तबकडी सुरू झाली. तपासनीस खुर्चीत ताठ बसले. थोडा वेळ ऐकून त्यांनी मान हलवली.

"तेच. डावीकडे काही दम नाही."

मुलगी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "मला तर दोन्हीकडून सारखं येतंय, काका."

"तुम्हाला येणारच."

बायको चहा घेऊन आली होती. ट्रे हातात धरून तिने ऐकले आणि म्हणाली, "सारखंच आहे हो."

"तू त्यांच्या बाजूनं कधीपासून झालीस?"

बायको आणि मुलगी यांची क्षणभर नजरानजर झाली. तपासनिसांनी ती टिपली.

"बोलणं पुरे," ते म्हणाले. "तपासू या. तारा उलट करा, डावीची उजवीला."

लिफ्टच्या कामात ही त्यांची जुनी रीत होती. एकसारखे दोन भाग असले आणि त्यांतला एक बिघडला, की दोघांची अदलाबदल करायची आणि बिघाड कोणाबरोबर जातो ते बघायचे. दोष ज्याचा, त्याच्या मागे जातो. मुलीने तारा बदलल्या. आता व्हायोलिन उजवीकडून आले, स्वच्छ आणि धारदार. पियानो डावीकडे जाऊन गुदमरला. दोष तारांबरोबर गेला नाही, डावीकडेच राहिला.

"सेट सुटला," तपासनीस नाइलाजाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा स्पीकर गेला."

"तसंच असेल असं नाही, काका," मुलगी हळूच म्हणाली. "राहू द्या ना आता. बाकीचं पुन्हा कधीतरी बघू."

ही एवढ्यात आवरते का घेते आहे? नोकरी वाचली म्हणून? "का राहू द्या?" ते म्हणाले. "तारा पहिल्यासारख्या करा आणि हा स्पीकर त्या टोकाला धरा."

दोघांनी मिळून जड स्पीकर ओढले आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवला. बायको "कंबर सांभाळा" म्हणाली, तेही त्यांना मुद्दाम अडवल्यासारखे वाटले. तबकडी पुन्हा लागली. व्हायोलिन डावीकडे, निरोगी स्पीकरमधून, आणि तरीही दार लावून घेतल्यासारखे.

स्पीकरही सुटला. तपासनीस खोलीकडे पाहू लागले. डावीकडे खिडकी होती, पडदा होता, पुस्तकांचे कपाट होते. आता गुन्हेगार या तिघांतच होता आणि तो हातात आल्याच्या आनंदात त्यांनी हात चोळले.

"खोली! तुम्ही पहिल्या दिवशी खोलीचं विचारत होतात ना? हा पडदा आवाज खातोय. थांबा, आत्ता दाखवतो. मी उलटा बसलो, तरी पडद्याच्याच बाजूचं दबेल."

त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि ती फिरवून पाठ स्पीकरांकडे केली. बायको म्हणाली, "अहो, नका." पण ते बसले होते.

व्हायोलिन परत आले. खिडकीच्याच बाजूने, त्याच पडद्यापासून, किती दिवसांनी, तार न् तार मोकळी. तपासनिसांच्या चेहऱ्यावर हसू आले. मग त्यांनी पियानो शोधला. पियानो भिंत ओलांडून गेला होता.

पडदा जागेवर होता. स्पीकर जागेवर होते. फिरले होते ते एकटेच, आणि दोष त्यांच्या मागे आला होता.

त्यांनी डाव्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. त्यांना लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. ज्या कानाच्या भरवशावर त्यांनी माणसांनी भरलेल्या लिफ्ट वर सोडल्या होत्या, तो कान त्यांना न सांगता निघून गेला होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारले.

"दोनदा सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली. "डॉक्टरकडे चला म्हटलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरनं तुला कमिशन कबूल केलंय का." तिने ट्रे खाली ठेवला. "मग मी खुर्ची बदलली."

मुलीचा फोन वाजला. दुकानदार होता, त्याचा आवाज बाहेरही ऐकू येत होता. "काय, हाही पसंत नाही ना?" मुलगी तपासनिसांकडे न बघता म्हणाली, "तसं नाही, शेठ, सेटची थोडी..."

"द्या इकडं." तपासनिसांनी फोन घेतला, डाव्या कानापर्यंत नेला आणि उजव्याला लावला.

"सेट चांगला आहे. आधीचे दोन्हीही चांगले होते."

"मग साहेब, दोष कशात होता?"

नोकरीत असे दोष त्यांनी मालकांच्या तोंडावर धडाधड सांगितले होते. आज जरा वेळ लागला.

"माझ्या डाव्या कानात," ते म्हणाले. "तुमच्या दुकानातली ही मुलगी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. त्या फोडलेल्या खोक्यांचं नुकसान माझ्याकडून घ्या, तिच्याकडून नको."

फोन परत घेताना मुलीचे डोळे भरले होते. ते लपवायला ती पुन्हा सेटपाशी बसली. "काका, यात एका बाजूचा आवाज वेगळा वाढवता येतो. डावीकडचा वाढवून देऊ?"

"मग हिला कसं ऐकू येईल?"

"काकूंना डावीकडून जास्त येईल."

"नको. सारखंच राहू द्या."

त्यांनी खुर्ची फिरवून पहिल्या जागी आणली, पण बसले नाहीत. "तू बस," ते बायकोला म्हणाले.

"मी? त्या खुर्चीत?"

"मधे बसलं तरच दोन्हीकडचं नीट येतं."

ती काठावर बसली आणि मग हळूहळू मागे टेकली. तपासनिसांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली आणि तिच्या डाव्या हाताला, ती आपल्या उजवीकडे येईल अशी, ठेवून बसले. मुलीने तबकडी पहिल्यापासून लावली.

"व्हायोलिन आहे का?"

"आहे की."

"नीट?"

"अगदी नीट. एकटंच वाजतंय आत्ता. पियानो थांबलाय त्याच्यासाठी."

एरवी ते उठून स्पीकरला कान लावून आले असते. आज ते बसून राहिले.

"बरं," ते म्हणाले. "पुढं काय होतंय ते सांगत जा."